सी: वाय/एन विचारतो पण उत्तर द्यायला थांबतच नाही

नवा_गडी: एफवायला आहे, सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकतीच सुरू झालीय. दोन आकडे घ्यायचे, बेरीज दाखवायची आणि 'अजून करायची का? वाय/एन' विचारायचं, बस एवढाच प्रोग्रॅम. आकडे स्कॅनएफमध्ये (कीबोर्डवरून इनपुट घेणारं फंक्शन) पर्सेंट डी (पूर्णांकासाठी) लावून घेतो, उत्तर पर्सेंट सी (एका कॅरेक्टरसाठी) लावून सीएच नावाच्या व्हेरिएबलमध्ये. इफमध्ये लिहिलंय सीएच डबल इक्वल स्मॉल वाय ऑर कॅपिटल वाय, तर परत वर, नाहीतर ब्रेक. पण हा पठ्ठ्या प्रश्न विचारतो आणि मी काही दाबायच्या आत पुढचे आकडे मागायला लागतो. एरर एकही नाही, काय करू?

रात्रपाळी: ऑरच्या पुढे नुसतंच कॅपिटल वाय ठेवलंयस ना? त्याची आस्की किंमत (कॅरेक्टरचा ठरलेला नंबर) ८९, आणि सीमध्ये शून्य सोडून सगळं खरं, म्हणजे तुझा इफ कायम खराच. दोन्हीकडे सीएच डबल इक्वल लिही.

नवा_गडी: केलं. आता प्रश्न विचारतो आणि लगेच प्रोग्रॅम बंद!! आधीचंच बरं होतं राव

जुनी_खोड: नाही रे, बरोबर चाललंयस. चुका दोन होत्या, पहिलीने दुसरीला झाकलं होतं. दुसरा आकडा टाकून तू एंटर दाबतोस, पर्सेंट डी आकडा तेवढा उचलतो, एंटर बफरमध्ये (टाइप केलेलं वाचलं जाईपर्यंत थांबतं ती जागा) तसाच पडून राहतो आणि पर्सेंट सीला कुठलंही कॅरेक्टर चालतं, मग तो तोच एंटर तुझं उत्तर म्हणून घेतो. पटत नसेल तर सीएच पर्सेंट डीने प्रिंट करून बघ, १० येईल, तीच एंटरची आस्की किंमत. कोटच्या आत, पर्सेंट सीच्या आधी एक स्पेस दे, झालं काम. कोणी बफर रिकामा करायला एफफ्लश एसटीडीइन सुचवेल, त्याच्या नादी लागू नकोस, इनपुटवर ते काय करेल याची सीच्या स्टँडर्डमध्ये हमी नाही.

नवा_गडी: स्पेसने चाललं 🙏 मग भलतंच काही दाबलं तर परत विचारायला व्हाइल टाकला, सीएच नॉट इक्वल वाय ऑर सीएच नॉट इक्वल एन. आता एन दाबलं तरी सुटका नाही

रात्रपाळी: तिथे अँड पाहिजे. एन दाबलंस की पहिली बाजू खरी, वाय दाबलंस की दुसरी, मग ऑर खोटा होणार कधी? आणि त्याआधी सीटाइप डॉट एच ही हेडर फाइल घेऊन टूलोअर लाव, ते कॅपिटल अक्षर स्मॉल करतं, कॅपिटलच्या वेगळ्या कंडिशन लिहायलाच नकोत.