मदत हवी आहे: माळ घालून दारू सोडणाऱ्यांसाठी गावात गट

तासगाव तालुका. येत्या एकादशीला पाच जण माळ घालून त्याच दिवसापासून दारू बंद करणार आहेत. दोघं सकाळी उठल्या उठल्या घेणारे. पुढं भजनी मंडळानं त्यांना धरून ठेवायचं आहे. गट कसा चालवावा? कुठं फसतं?

प्रतिसाद १
त्या दोघांची एकादशी पुढची धरा. हात थरथरतात म्हणून सकाळी पिणारा माणूस एकदम थांबला, तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, घाम आणि ताप येतो. गावात याला 'बाहेरचं' समजून अंगारा लावत बसतात आणि माणूस हातचा जातो. आधी सांगली-मिरजेच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, दारू तिथं उतरू द्या, मग माळ. घरी ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. आधी बी१ म्हणजे थायमिन द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

गटाची वेळ संध्याकाळी सातची ठेवा, पिण्याची वेळ तीच. हरिपाठ, मग अर्धा तास ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं. कीर्तनकाराचा उपदेश नको. आठवडी बाजाराच्या आणि मजुरी मिळण्याच्या दिवशी मंडळातल्या दोघांनी दारू सोडणाऱ्याच्या घरी जाऊन त्याला सोबत घेऊन यावं. विणा, टाळ मोजणं, सतरंज्या असं काहीतरी काम त्याच्या अंगावर टाका.

धागाकर्ता
एकाच्या घरचे चहातून गोळी देणार म्हणतात.

प्रतिसाद २
अजिबात नको. ती बहुधा डायसल्फिरामची, म्हणजे वर दारू घेतली की त्रास होतो ती. माणसाला न सांगता दिली आणि तो प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं, प्रसंगी मृत्यू. डॉक्टर देतात तेही शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी, त्याच्या संमतीनं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे असर राहू शकतो. द्राक्षासव, अरिष्टं, काही खोकल्याची औषधंही चालत नाहीत, त्यांत अल्कोहोल असतो. माळकरी माणूस आसव औषध म्हणून बिनधास्त घेतो, म्हणून मुद्दाम सांगून ठेवा.

प्रतिसाद १
एक राहिलं. पुन्हा प्यायला की 'माळ बाटली' म्हणून लाजेनं तो यायचाच बंद होतो. गट बहुतेक इथंच मोडतात. परत कधी, कुणासमोर माळ घालायची हे पहिल्याच दिवशी ठरवून सांगा. आल्यावर जाब विचारायचा नाही, फक्त कधी आणि किती घेतली तेवढं विचारायचं. रोज घेत असेल तर पुन्हा दवाखाना. रात्री-अपरात्री सल्ला लागला तर सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत आहे.