वरचा मजला: चुना, सिल्व्हर पेंट की थर्माकोल?

रात्रपाळी:
सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. वर उघडी गच्ची, सहा इंची स्लॅब. दुपार कशीबशी निघते, पण रात्री अकराला स्टुलावर चढून छताला हात लावला तर चटका बसतो. पंखा लावून उपयोग शून्य. रोज संध्याकाळी सातला बादल्या ओततो, तासभर बरं वाटतं. एक जण म्हणतो चुना लाव, दुसरा सिल्व्हर पेंट, तिसरा आतून थर्माकोल. एसी नकोय. आधी काय करू?

गच्चीवाला:
चुना. बाकीचं नंतर.

तुम्हाला रात्री जी ऊब लागते ती दुपारचीच. सहा इंची काँक्रीटमधून उष्णता खाली उतरायला चार-पाच तास घेते. तुम्ही सातला पाणी ओतता तेव्हा ती स्लॅबच्या पोटात मुरलेली असते. आणि पंखा हवा हलवतो, पण तापलेलं छत अंगावर जी धग फेकतं ती त्याला अडवता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा चुना अर्ध्या गच्चीतच संपला. आळसामुळे प्रयोग झाला म्हणा. दुपारी दोनला इन्फ्रारेड थर्मामीटर धरला: उघडं काँक्रीट 61 अंश, चुन्याचा भाग 43. दुसऱ्या दिवशी उरलेला चुना आणला.

सिल्व्हर पेंटला लोक चकाकी बघून भुलतात. तो ऊन परतवतो खरं, पण जी उष्णता आत शिरते ती पांढऱ्या रंगाइतकी सहज बाहेर सोडत नाही. चुन्याला दोन्ही जमतं. रात्री निरभ्र आकाशाकडे तो उष्णता सोडत राहतो.

लावताना गच्ची घासून धुवा, चुना रात्रभर भिजवून गाळा, थोडा डिंक घाला, पातळ दोन हात मारा. पावसात धुऊन जातो, दरवर्षी लावायची तयारी ठेवा. धूळ बसली की पांढरेपणाचा फायदा उतरतो, म्हणून अधूनमधून झाडू मारा. कडक उन्हात वर जाताना गॉगल घाला, डोळे दिपतात.

ओलं_गोणपाट:
पाण्याला एवढं नावं ठेवू नका. एक लिटर पाणी उडताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. चूक वेळेची आणि ओतण्याची आहे; बादलीतलं निम्मं पाणी पन्हळीतून जातं. गोणपाट अंथरून सकाळी अकरापासून ओलसर ठेवा. दमट हवेत मात्र फार अपेक्षा नको. आणि गच्ची गळत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग!

गच्चीवाला:
वेळेचं मान्य. पण गोणपाटाने चुना झाकला जातो, तेव्हा दोन्ही एकाच जागी नको.

रात्रपाळी:
आणि थर्माकोल?

गच्चीवाला:
आतून लावला तर धग कमी होईल, पण स्लॅब तापतच राहील. शिवाय थर्माकोल पेट घेतो, डोक्यावर उघडा नको. इन्सुलेशन करायचंच तर स्लॅबच्या वरून, त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे. ते खर्चिक काम आहे, चुन्याचा एक उन्हाळा बघून ठरवा.

रात्रपाळी:
रविवारी पहिला हात मारला. खाली फरक कळायला वेळ आहे, पण दुपारी दोनला अनवाणी उभा राहू शकलो. टाकीखालचा तुकडा राहिलाय, तिथे ब्रश पोचत नाही.

गच्चीवाला:
सोडून द्या. तिथे टाकीचीच सावली आहे.