मदत हवी आहे: हॅमर कोरल आठवडाभर मिटून बसलंय

नमस्कार मंडळी. नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. घरी १२० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, सात महिने झाले. दोन क्लाउनफिश, थोडे झोअँथिड (बटणासारखे छोटे मऊ कोरल) आणि एक हॅमर कोरल (हातोडीसारख्या टोकांचं, कठीण सांगाड्याचं प्रवाळ).

हॅमर आठ दिवसांपासून नीट उघडत नाहीये. एरवी सकाळी लाइट लागला की तासाभरात बोटं फुगून पंपाच्या प्रवाहात डुलायची. आता टोकं आत ओढलेली आणि एका कडेला पांढरा सांगाडा दिसायला लागलाय. बघवत नाही हो.

कालची रीडिंग: क्षारता ६.४ डीकेएच (क्षारतेचं एकक; महिन्यापूर्वी ८.५ होती), कॅल्शियम ३९०, मॅग्नेशियम ११८०, नायट्रेट २५ (तिन्ही पीपीएममध्ये), खारटपणा १.०२५ (विशिष्ट गुरुत्व). तापमान २६, पण दुपारी २८ च्या वर जातं. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचंच पाणी घालतो.

मॅग्नेशियम कमी असलं की कॅल्शियम आणि क्षारता टिकत नाहीत, हे वाचलंय. म्हणजे आधी मॅग्नेशियम वर आणू की क्षारता? खायचा सोडा आरओच्या पाण्यात विरघळवून घातला तर चालेल ना? दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त चढवायची नाही, एवढं पक्कं ठरवलंय.

दुसरं खाण्याचं. आठवड्यातून तीनदा फ्रोजन ब्राइन श्रिंप (बारीक कोळंबीसारखं खाद्य) देतो, पाकिटातलं पाणी गाळून न टाकता. नायट्रेट त्यामुळेच वाढलं असेल का? कोरल मिटलेलं असताना खाऊ घालणं थांबवू का?

नाशिकमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड खात्रीचं कुठे मिळतं, तेही सांगा. फोटो कमेंटमध्ये टाकतो.