धणे उगवले नाहीत म्हणून सोडू नका

तुम्ही लिहिलंय की दोनदा धणे पेरले, काहीच उगवलं नाही आणि आता हौसच संपली. कृपया सोडू नका. एका धण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच दाबून दुभंगा, रात्रभर भिजवा, मग पेरा. आठ-दहा दिवस तरी वाट बघायची. धणे भाजलेले किंवा फार जुने असतील तर मात्र व्यर्थ. आणि पेरल्या जागीच वाढू द्या. सोटमूळ असतं, उपटून दुसरीकडे लावलेलं कोथिंबिरीला मानवत नाही.

मुंबईत एप्रिल-मेमध्ये तर तिच्या वाटेला जाऊच नका, उकाड्यात ती लगेच फुलावर येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ. आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्येसुद्धा तेव्हा छान येते.

तोवर पुदिना लावा ना! बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या घ्या, खालची पानं काढून पाण्यात उभ्या ठेवा. आठवडा-दीड आठवड्यात मुळं फुटतात. कुंडी मात्र त्याला स्वतंत्र द्या, तो पसरतो आणि शेजाऱ्याला जागा ठेवत नाही. गवती चहाही तितकाच सोपा. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवा, साचलेल्या पाण्यात डास होतात.