मेरीलँडचा ध्वज: वरचा कोपरा काळा की सोनेरी?

पताका: अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याचा ध्वज ९० बाय ६० सेंमी आकारात शिवायचा आहे. काठीकडचा वरचा कोपरा काही चित्रांत काळा दिसतो, काहींत सोनेरी. खरा कोणता? आणि पट्ट्यांचं माप कसं काढायचं?

सुईदोरा: काळा. तिथे सोनेरी दिसला तर ध्वज उलटा लागलाय. ध्वजात चार चौकोन असतात: काठीकडचा वरचा आणि त्याच्या तिरप्या समोरचा काळे-सोनेरी, उरलेले दोन लाल-पांढरे. लाल-पांढरे चौकोन खालचे वर केले तरी तसेच दिसतात, म्हणून ते बघून चूक कळत नाही.

प्रत्येक चौकोन ४५ बाय ३०. काळ्या-सोनेरी चौकोनात सहा उभे पट्टे, प्रत्येकी ७.५ सेंमी. दोन्हीकडे १ सेंमी माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरून ९.५ कापा. माया विसरलात तर नुसत्या मधल्या पाच शिवणीच १० सेंमी खातात!

पहिला उभा पट्टा सोनेरी असतो, पण कोपऱ्यातून तिरपा पट्टा जातो आणि त्यावर रंगांची अदलाबदल होते, म्हणून कोपरा काळा. शिवताना दोन तुकडे जोडून घ्या, एक सोनेरीपासून सुरू होणारा, दुसरा काळ्यापासून. दुसऱ्यातून तिरपा पट्टा मायेसकट कापून पहिल्यावर बसवा. उभ्या शिवणी तंतोतंत जुळायला हव्यात. तिरपं कापलेलं कापड ताणलं जातं, म्हणून आधी कच्चे टाके घाला. पक्की शिवण झाल्यावर मागचं कापड कापून काढा, नाहीतर मागून तिरपा पट्टा दिसणारच नाही.

जुनी_निशाणं: रंगांमागचा इतिहास फार मोलाचा आहे. काळा-सोनेरी हे कॅल्व्हर्ट घराण्याचं चिन्ह. पहिले लॉर्ड बाल्टिमोर जॉर्ज कॅल्व्हर्ट याच घराण्यातले. लाल-पांढरा क्रूस त्यांच्या आईकडच्या क्रॉसलँड घराण्याचा. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात मेरीलँड दुभंगलं. दक्षिणेच्या बाजूचे लोक लाल-पांढरा रंग मिरवू लागले, काळा-सोनेरी संघराज्याशी एकनिष्ठ राहणाऱ्यांकडे राहिला. युद्धानंतर दोन्ही एका कापडावर आले. १८८० मध्ये बाल्टिमोर शहराच्या दीडशेव्या वर्षाच्या मिरवणुकीत हा ध्वज फडकला, १९०४ मध्ये कायद्याने अधिकृत झाला. एकमेकांविरुद्ध लढलेल्यांचे रंग सारख्याच मापाच्या चौकोनांत बसवलेत, हे मला या ध्वजाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य वाटतं.

सुईदोरा: काठीचंही सांगतो. टोकाला शोभेचं काही लावणार असाल तर कायद्याने फक्त सोनेरी क्रूस चालतो, ध्वजावर आहे तसाच, प्रत्येक हाताच्या टोकाला तीन गोल पाकळ्या असलेला. भाल्याचं टोक किंवा गरुड नको.