उसाची पात लागून वडिलांचा डोळा गेला, आता खोटा डोळा बसवायचाय

कृष्णाकाठ:
नमस्कार. वडील ५८ वर्षांचे, शेती वाळवा तालुक्यात. उसाचा पाला काढताना उजव्या डोळ्याला पात लागली. आठ दिवस दुकानातून आणलेले थेंब घातले आणि तेच नडलं. बुरशी बुबुळात आत उतरली, शेवटी डोळा काढावा लागला. आत गोळा बसवलाय, त्यावर पारदर्शक वाटी आहे. सहा आठवड्यांनी डोळा बसवू म्हणालेत. वडील काळा चष्मा लावून घरातच बसून असतात, परवा सख्ख्या भाचीच्या लग्नालाही आले नाहीत. काचेचा डोळा फुटत नाही ना? रोज काढावा लागतो का? कुणी वापरत असेल तर कृपया लिहा.

सुईदोरा:
दादा, माझा डावा डोळा २०१४ साली गेला, तोही उसाच्या पातीनंच. मी ब्लाउज शिवते, म्हणजे नजरेवरच पोट.

आधी एक सांगते, पेटीतला तयार डोळा घेऊ नका. मी घाईनं घेतला होता. दुकानदारानं दहाबारा डोळे पुढे मांडले, त्यातला जवळच्या रंगाचा घातला. पापणी पूर्ण मिटेना, दिवसभर चिपडं यायची, आणि नजर कायम भलतीकडेच लागल्यासारखी दिसायची. वर्षभर मी फोटोत उभी राहिले नाही.

मग पुण्याला जाऊन मापाचा करून घेतला. दाताचं माप घेतात तसलीच मऊ लापशी खोबणीत भरतात. दुखत नाही, गार लागतं. त्यावरून मेणाचा साचा करून घालून बघतात, पापणी कुठवर येते ते पाहून घासतात, परत घालतात. रंगवायच्या वेळी त्या ताईंनी मला खिडकीशी बसवलं, ट्यूबलाइट बंद केली. माझं बुबुळ मला काळंच वाटायचं. त्यांनी तपकिरी, मग कडेला मधासारखा, मग परत गडद असे थर दिले. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे धागे, एकेक तंतू सोडवून, शिरांसारखे चिकटवले. माझ्या धंद्यातला धागा माझ्या डोळ्यात बसलेला बघून मला तिथंच रडू आलं.

काचेचं म्हणाल तर आता बहुतेक अॅक्रिलिकचाच असतो, कवळीचं असतं ते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची काच मिळेना, तेव्हा अमेरिकी लष्करातल्या दातांच्या कारागिरांनी याचे डोळे घडवले. पडला तर सहसा फुटत नाही, चरा मात्र जातो. म्हणून काढताना बेसिनमध्ये टॉवेल अंथरायचा. रोज काढायची गरज नाही, उगाच हात लावला की आतली कातडी चिडते. साधा साबण, कोमट पाणी, बास. स्पिरिट कधीही लावू नका, अॅक्रिलिकला बारीक तडे जातात. मी वर्षातून एकदा पॉलिश करून आणते, पाचेक वर्षांनी नवा.

खरी सवय करावी लागते ती अंतराची. चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवायचं. पायरी आधी पायानं चाचपायची. सुईत दोरा ओवताना दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवते, मग चुकत नाही. मला तीनचार महिने लागले. वडिलांच्या उजवीकडून कुणी आलं तर आधी आवाज द्यायला घरच्यांना सांगा. आणि शेतात जाताना जाड पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवाच हवा. राहिलेला डोळा एकच आहे, दादा.

लेकीची_आई:
सुईदोराताईंनी सगळं लिहिलंय. माझ्या लेकीचा डोळा दोन वर्षांची असताना रेटिनोब्लास्टोमामुळे, म्हणजे लहान मुलांना डोळ्याच्या आतल्या पडद्याला होणाऱ्या कॅन्सरमुळे, काढला. फोटोत बाहुली पांढरी चमकायची, त्यावरून कळलं. कुणाच्या बाळाच्या फोटोत तसं दिसलं तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मुलांचा चेहरा वाढतो तसा डोळा लवकर बदलावा लागतो, आमचा आता तिसरा आहे.
दादा, दाखल्याचंही बघून ठेवा. दुसरा डोळा चांगला असेल तर अपंगत्व ३० टक्केच धरतात आणि बहुतेक सवलतींना ४० लागतात. त्या आशेवर वडिलांना खेटे घालायला लावू नका.

कृष्णाकाठ:
दोघींचे मनापासून आभार. रात्री वडिलांना सगळं वाचून दाखवलं. मनगटं टेकवायचं ऐकून त्यांनी लगेच सुईदोरा मागवला, तिसऱ्या खेपेला ओवला. मग हळूच म्हणाले, त्या बाईंना विचार, त्या डोळ्यातून पाणी येतं का?

सुईदोरा:
येतं, त्यांना सांगा. पाण्याची ग्रंथी वरच्या पापणीच्या आत बाहेरच्या बाजूला असते, डोळा काढताना ती काढत नाहीत. माझी आई गेली तेव्हा दोन्हीकडून वाहत होतं.