मदत हवी आहे : वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात १० गिगाबिट कसं न्यावं?

मंडळी, जरा सल्ला हवाय. खाली राउटरशेजारी १० गिगाबिटचा स्विच आणि नॅस (नेटवर्कवर फाइल्स साठवायचं यंत्र) आहे, तिथं स्पीड मस्त मिळतो, पण माझं ऑफिस वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत, तिथं सगळं वायफायवर, त्यामुळे व्हिडिओच्या मोठ्या फाइल्स कॉपीला लावल्या की चालू कॉल अडकायला लागतो. भिंतीतल्या पाइपातून जुनी कॅट ५ई केबल (तांब्याची नेटवर्क केबल; कॅट ६, ६ए या तिच्या पुढच्या श्रेणी) गेलीय, अंदाजे ३५ मीटर. तिच्यावर २.५ गिगाबिट आरामात चालेल, पण मला पूर्ण १० हवेत. कॅट ६ ला १० गिगाबिटसाठी ५५ मीटरपर्यंतच भरवसा, ६ए ला १००, म्हणजे अंतराचा प्रश्नच नाही. खरी अडचण पाइपाची, एका वळणावर तो इतका दबलाय की ६ए सारखी जाड केबल तिथं हमखास अडकणार. फायबर (काचेच्या तंतूची, प्रकाशावर चालणारी केबल) बारीक असते, शिवाय एसएफपी प्लसचे (स्विचच्या १० गिगाबिट खाचेत बसणारे) आरजे ४५ वाले (म्हणजे तांब्याच्या केबलचे) मॉड्यूल जाम तापतात, फायबरचे तेवढे नाही, म्हणून मन तिकडेच झुकतंय. पण कनेक्टर आधीच लावलेली फायबर अशा वळणातून ओढायची कशी? जुन्या केबललाच बांधून ओढू की आधी नायलॉनची दोरी आत घेऊ? कुणी घरी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, भिंत फोडायची अजिबात इच्छा नाहीये.